पाठमोऱ्या बाईंचा चेहरा

“एक गरीब ऊसतोड मजूर स्त्री डोक्यावर प्रचंड ओझे घेऊन दुःखी चेहऱ्याने ट्रकवर चढत आहे.” छायाचित्राचे श्राव्य वर्णन, म्हणजे दृष्टिहीनांना चित्र शब्दांत ऐकवणारा मजकूर, म्हणून मी आयुष्यात लिहिलेले हे पहिले वाक्य. लिहून झाल्यावर मला बरेच समाधानही वाटले होते. तीन दृष्टिहीन श्रोत्यांसमोर ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला. हे गृहस्थ एका बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांची दृष्टी तिशीत गेली. ते म्हणाले, “बाई ट्रकवर चढताहेत, म्हणजे त्यांचे तोंड ट्रककडे असणार. मग फोटो काढणारा ट्रकमध्ये उभा आहे का?” मी पुन्हा छायाचित्राकडे पाहिले. छायाचित्रकार जमिनीवर, बाईंच्या मागे उभा होता. बाई पाठमोऱ्या होत्या. त्यांचा चेहरा चित्रात नव्हताच.

मी व्यवसायाने अनुवादक आहे, आणि मूळ मजकुरात नसलेले काही घालू नये हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. तरीही डोळ्यांसमोरच्या चित्रात नसलेला चेहरा मी लिहिला, त्यावर दुःखही लिहिले, आणि मला त्याचा पत्ता लागला नाही. ऊसतोडीचे छायाचित्र म्हटल्यावर जे दिसायला हवे असे माझ्या मनात आधीपासून होते, तेच मी पाहिले. प्रदर्शनाला येणारा डोळस प्रेक्षकही कदाचित असेच पाहत असेल, पण त्याची चूक त्याच्यापुरती राहते. माझी चूक ऐकणाऱ्याकडे ती तपासायला दुसरे साधन नसते.

प्रदर्शन लहानसे होते. एका छायाचित्रकार मित्राने तीन हंगाम बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीबरोबर फिरून, दिवाळीनंतर गाव सोडण्यापासून उन्हाळ्याच्या तोंडावर परत येण्यापर्यंतची कृष्णधवल छायाचित्रे काढली होती, आणि त्यांपैकी ४६ पुण्यातल्या एका दालनात लागणार होती. दृष्टिहीन माणसांनाही हे प्रदर्शन पाहता यावे ही इच्छा त्याचीच, आणि शब्दांचे काम म्हणून ते माझ्याकडे आले. वर सांगितलेल्या गृहस्थांखेरीज आणखी दोघे जण मसुदे ऐकायला तयार झाले. एक शिक्षिका होत्या, ज्यांना डोळ्यांच्या कडेने थोडे अंधूक दिसते. दुसरा महाविद्यालयात शिकणारा, जन्मापासून अंध असलेला मुलगा होता, ज्याचे आईवडील अजूनही कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. ही शेवटची गोष्ट मला त्याने पहिल्या बैठकीत सांगितली नव्हती.

श्राव्य वर्णनाची पद्धत नाटकातून आली. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ साली मार्गारेट आणि कोडी फॅन्स्टील यांनी ती रीतसर सुरू केली. मार्गारेट स्वतः दृष्टिहीन होत्या. नाटकात आणि चित्रपटात वर्णन संवादांच्या मधल्या फटीत बसवावे लागते, त्यामुळे किती बोलायचे हे ती फटच ठरवते. आपल्याकडे रेडिओवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे धावते वर्णन ऐकत मोठी झालेली पिढी आहे. तिथेही चेंडू पडतो, फटका बसतो, आणि वर्णन करणाऱ्याला खेळाच्या मागे धावावे लागते. छायाचित्रात मात्र काही धावत नाही. वर्णन दहा सेकंदांचे असू शकते किंवा दहा मिनिटांचे, कोणी अडवणारे नाही, आणि या मोकळीकीनेच सगळी पंचाईत होते. कोठून सुरुवात करायची, काय आधी सांगायचे, आणि मुख्य म्हणजे कोठे थांबायचे, हे सगळे वर्णन लिहिणाऱ्याने ठरवायचे. डोळस माणूस चित्र एका नजरेत घेतो आणि मग हवे तिथे रेंगाळतो. ऐकणाऱ्याला मात्र आम्ही देऊ त्याच क्रमाने ते मिळते.

या कामाविषयी कोणाला सांगितले की तो हमखास संजय आणि धृतराष्ट्राचे नाव काढतो. उपमा झिजून गेलेली आहे, पण तिच्यातला एक तपशील मला उपयोगी पडला. तिथे आधी प्रश्न धृतराष्ट्राने विचारला आहे. आम्हीही मग बैठकीची रीत बदलली. मी आधी फक्त दोन वाक्ये सांगायची, ते तिघे प्रश्न विचारतील, आणि जे प्रश्न तिघांनाही पडतील त्यांची उत्तरे वर्णनात जातील. पाठमोऱ्या बाईंचे वर्णन अशा पाच फेऱ्यांनंतर पुढीलप्रमाणे झाले.

“आडवे कृष्णधवल छायाचित्र, रुंदी सुमारे तीन फूट. चित्राच्या उजव्या अर्ध्या भागात उसाने निम्मा भरलेला ट्रक उभा आहे, त्याची मागची बाजू आपल्याकडे. ट्रकच्या मागच्या कडेला एक लांब लाकडी फळी जमिनीपासून तिरकी टेकवलेली आहे. फळीच्या मध्यावर एक बाई चढत आहेत. त्या पाठमोऱ्या आहेत, चेहरा दिसत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी. मोळी बाईंच्या उंचीपेक्षा लांब आहे आणि तिची दोन्ही टोके खाली झुकली आहेत. उजवा हात मोळीला आहे, डावा हात अंगापासून दूर, मोकळा. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आहे. पाय अनवाणी आहेत, डावी टाच फळीवरून उचललेली. ट्रकचा एक लाल दिवा, जो इथे पांढरा दिसतो, लागलेला आहे. डाव्या अर्ध्या भागात करड्या आकाशाखेरीज काही नाही.”

यात “गरीब” नाही, “प्रचंड” नाही आणि अर्थातच “दुःखी” नाही. मोळी किती मोठी आहे हे बाईंच्या उंचीवरून कळते, आणि तोल कसा सांभाळला जात आहे हे मोकळ्या हातावरून. दिव्याविषयीचे ते विचित्र वाक्य गृहस्थांच्या आग्रहावरून आले. त्यांना रंग आठवतात, आणि कृष्णधवल चित्रात रंगांचे काय होते हे त्यांना प्रत्येक वेळी जाणून घ्यायचे असते. मी समजत होते की जन्मांध मुलाला रंगांत काही स्वारस्य नसणार. तो म्हणाला, “लाल कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण लाल लुगडे कोण नेसते, केव्हा नेसते ते माहीत आहे. रंग दिसत असले तर सांगत जा.”

चौथ्या बैठकीत मात्र त्याने जे विचारले, त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. प्रदर्शनात साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाचे एक छायाचित्र होते. अध्यक्ष गळ्यात हार घालून गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला जातो त्या खाचेत, उसाची मोळी टाकत आहेत, भोवती संचालक टाळ्या वाजवत आहेत. मी तसेच लिहिले होते, “अध्यक्ष मोळी टाकत आहेत.” त्यापूर्वीच्या चित्रात उसाच्या फडात वाकलेली एक बाई होती आणि मी लिहिले होते, “ती ऊस तोडत आहे. तिच्या हातात कोयता आहे.” पाठमोऱ्या बाईंनाही तेव्हा मी “ती”च म्हणत होते. मुलगा म्हणाला, “अध्यक्ष एक मोळी टाकतात तर ‘ते’. माझी आई दिवसभर मोळ्या वाहते तर ‘ती’. फोटोत तसे दिसते का?” त्याचे आईवडील टोळीत असतात हे आम्हाला तेव्हा कळले.

फोटोत तसे अर्थातच दिसत नाही. कॅमेऱ्याला अहोजाहो आणि अरेतुरे कळत नाही. मराठीला मात्र त्यातला एक पर्याय घेतल्याशिवाय वाक्य पुरे करता येत नाही, आणि सर्वनाम गाळले तरी क्रियापद चहाडी करतेच. श्राव्य वर्णनाचे जे नियम इंग्रजीत लिहिले गेले त्यांत “जे दिसते ते सांगा, मत देऊ नका” हे वारंवार येते, पण हा प्रश्न त्यांत असण्याचे कारण नाही, कारण त्या भाषेच्या सर्वनामांत मानाची पायरी नाही. आमच्याकडे मत व्याकरणातून शिरते, लिहिणाऱ्याला कळण्याच्या आत.

मग मला जिकडे तिकडे तेच दिसू लागले. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे ते प्रसिद्ध छायाचित्र घ्या. स्वतःच्या ओठांत सिगारेट असलेले नेहरू विमानात ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत. याचे वर्णन कोणीही मराठी माणूस “देत आहेत” असेच करील. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे जे काम केले, त्यातली छायाचित्रे समोर ठेवली तर तोच माणूस “कामगार गटारात उतरला आहे” असे लिहून मोकळा होईल. ओलवे यांची सगळी खटपट ज्या माणसाकडे कोणी पाहत नाही त्याला नजरेसमोर आणण्याची आहे. वर्णनकाराने एकवचन वापरले की त्या माणसाची जागा पुन्हा जिथल्या तिथे.

आदरार्थी बहुवचन सरसकट वापरायचे ठरवले, तर वेगळ्या अडचणी येतात. “त्या वाकल्या आहेत” म्हटल्यावर वाकलेली बाई एक की चार? डोळ्यांनी वाचणारा मागची ओळ पुन्हा पाहू शकतो, ऐकणारा गोंधळून पुढे जातो. “एक कामगार बसले आहेत” हे वाक्य मी वाचले तेव्हा शिक्षिका चक्क हसल्या. त्यांचे हसणे योग्यच होते, कारण ते कानाला खटकते. पण का खटकते यावर आम्ही अर्धा तास बोललो, आणि खटकले तरी चालेल असे ठरले. आमचा ठराव साधा होता. प्रत्येक चित्रात माणसांची संख्या प्रथम सांगायची. सर्वनामाऐवजी शक्य तिथे “बाई”, “कामगार”, “मुकादम”, “अध्यक्ष” हे शब्दच पुन्हा वापरायचे, पुनरुक्तीची लाज धरायची नाही. प्रौढ माणूस कोणीही असो, क्रियापद आदरार्थी. मुलांना एकवचन, मग ते मूल मजुराचे असो की संचालकांचे. तिसऱ्या चित्रापर्यंत “कामगार बसले आहेत” कानाला सरावते, हे प्रदर्शनाला आलेल्या अनेकांनी आपणहून सांगितले. एका डोळस प्रेक्षकाने मात्र अभिप्रायाच्या वहीत “भाषा कृत्रिम वाटते” असेही लिहिले.

मराठीचे जसे हे ओझे आहे, तसे तिचे बळही आहे. “चुंबळ” या एका शब्दात डोके, कापड, वेटोळे आणि भार सगळे येते. “कोपी” म्हटले की ऊसतोडीशी संबंध असलेल्या माणसाला आकार, उंची आणि दारातून वाकून शिरण्याची कसरत आठवते. मी आधी “गवताची झोपडी” लिहिले होते आणि मुलाने ते शांतपणे खोडायला लावले. शहरी श्रोत्यासाठी आम्ही पहिल्या उल्लेखापाशी “बांबूच्या चटया वाकवून केलेली, माणूस उभा राहू शकणार नाही इतकी बुटकी कोपी” असे सांगितले, आणि पुढे नुसती “कोपी”. तंत्राच्या दृष्टीने यात विशेष काही नाही, पण वर्णन कोणासाठी लिहितो आहोत याचे उत्तर त्यात आहे. ऐकणाऱ्याला कमी कळते असे धरून मी सुरुवात केली होती. प्रत्यक्षात त्या चित्रांतल्या जगाविषयी खोलीत सर्वांत कमी मला कळत होते.

छायाचित्राखालच्या ओळीचा प्रश्न याहून जुना आहे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेले एका आईचे छायाचित्र जगभर गेले, ते तिच्या दैन्याचा उल्लेख करणाऱ्या ओळीसह. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव टिपून घेतले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव १९७८ साली पुढे आले, आणि त्या चेरोकी वंशाच्या होत्या हेही त्यानंतर लोकांना कळले. चाळीसहून अधिक वर्षे लोकांनी त्या चेहऱ्यात जे पाहिले त्यातले बरेचसे खालच्या ओळीतून आलेले होते. त्याच चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. तो लँग यांनी नंतर मूळ निगेटिव्हवर पुसट करून घेतला. वर्णनकाराने कोणते चित्र सांगायचे, अंगठ्याचे की बिनअंगठ्याचे? माझ्या मते भिंतीवर जे टांगलेले आहे त्याचे, आणि अंगठ्याची हकिगत वेगळ्या ध्वनिफितीत. वर्णन केलेल्या दर छायाचित्राला आम्ही दोन फिती केल्या त्या याच कारणाने. पहिलीत फक्त जे दिसते ते, माझ्या आवाजात. दुसरीत स्थळ, काळ, मजुरांनी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती होती, पुढे काय झाले, हे छायाचित्रकाराच्या आवाजात. दुसरी ऐकायची की नाही हे श्रोत्याने ठरवायचे, जसे खालची ओळ वाचायची की नाही हे डोळस माणूस ठरवतो.

पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या कामाची छायाचित्रे काढली. काम दिसते पण बाया दिसत नाहीत अशा अर्थाचे नाव असलेले ते प्रदर्शन आता ‘पारी’ या त्यांच्या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर आहे, आणि त्याच्या फलकांसोबत साईनाथ स्वतः बोलतात. ते मी मुद्दाम डोळे मिटून ऐकले. मोलाचे भाष्य आहे, पण भाष्य हे चित्र समोर दिसते आहे असे धरून चालते, आणि वर्णनाचे काम त्याच्या आधी संपावे लागते. आवाज जोडला की चित्र सुगम, म्हणजे दृष्टिहीनांनाही घेता येण्याजोगे, झाले असा समज आयोजकांमध्ये सर्रास आढळतो.

दुसरा समज स्पर्शाविषयी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली ‘अनुभव’ हे दालन सुरू झाले, तिथे २२ वस्तूंच्या प्रतिकृती हाताने पाहता येतात. मूर्तीला ते शोभते, कारण मूर्तीला मुळातच घनता आहे. छायाचित्र सपाट असते, त्यात लांबचा माणूस लहान होतो, एक हात दुसऱ्यामागे लपतो, आणि हे सगळे उठावाच्या रेषांत उतरवले की बोटांना नुसती गर्दी लागते. आम्ही फक्त पाठमोऱ्या बाईंच्या चित्राची उठावाची प्रत केली, आणि तीही ट्रक, फळी, माणूस आणि मोळी एवढ्या चारच आकारांची. मुंबईत २००६ पासून पार्थो भौमिक दृष्टिहीन व्यक्तींना छायाचित्रण शिकवत आले आहेत. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ या त्यांच्या उपक्रमाच्या प्रदर्शनांत उठावाची चित्रे, ब्रेल आणि श्राव्य वर्णन एकत्र असते, आणि मला ती जोडणीच योग्य वाटते. हाताला मांडणी कळते, बाकीचे शब्दांनी सांगायचे.

४६ चित्रांची वर्णने करायची नाहीत, हे आम्ही लवकर मान्य केले. दर चित्राला दीड मिनिट धरले तरी तासाहून अधिक होते आणि कान डोळ्यांपेक्षा लवकर थकतो. १४ निवडली. निवड त्या तिघांनी करायची असे मी सुचवले, पण न पाहिलेल्या चित्रांतून निवडायचे कसे, हा त्यांचा प्रतिप्रश्न बिनतोड होता. शेवटी सगळ्या ४६ चित्रांचे एकेक वाक्य मी वाचले आणि त्यावरून त्यांनी कौल दिला. उरलेल्या ३२ चित्रांचे ते एकेक वाक्यही एका फितीत ठेवले, म्हणजे काय ऐकायचे राहिले ते तरी कळावे.

दालनातली व्यवस्था थोडक्यात सांगते. मोबाइलवर फिती ऐकवणाऱ्या क्यूआर कोडच्या चिकटपट्ट्या आधी काचेच्या आत लावलेल्या होत्या, जिथे त्या बोटाला लागणेच शक्य नव्हते. त्या बाहेर काढून प्रत्येक चित्राच्या उजव्या कडेला, जमिनीपासून एकाच उंचीवर, खाली उंचवट्याची खूण करून लावल्या. तळघरातल्या त्या दालनात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून सगळ्या फिती व्हॉट्सअॅपवर आधीच पाठवून ठेवल्या, आणि खरे सांगायचे तर बहुतेकांनी त्याच वापरल्या.

कायद्याचे म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये श्राव्य वर्णनाचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तो इलेक्ट्रॉनिक माध्यमांपुरता. कलम २९ कला सुगम करण्याविषयी बोलते, पण त्यात पद्धत सांगितलेली नाही. चित्रपटगृहांसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. भिंतीवरच्या छायाचित्रांसाठी तसे काही होईपर्यंत हे काम कोणाच्या तरी हौसेवर चालणार, आणि हौसेने केलेल्या कामाला तपासनीस नसतो, ही मला त्यातली काळजीची बाब वाटते. माझा पाठमोऱ्या बाईंचा चेहरा प्रदर्शनात गेला नाही, तो केवळ तिघे जण समोर बसलेले होते म्हणून.

प्रदर्शन संपायच्या दोन दिवस आधी मुलाने पाठमोऱ्या बाईंची फीत आईला पाठवली. त्या वेळी त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावर होत्या. त्यांचे उत्तर त्याने मला फोनवर ऐकवले. “समदं बरोबर हाय. पर पहाटं फळी दवानं वल्ली असती, पाय सटकतो. त्ये सांगितलं का?” मी दालनात जाऊन चित्रापाशी उभी राहिले. फळीवर, बाईंच्या उचललेल्या टाचेच्या खाली, ट्रकच्या दिव्याचा एक अरुंद पांढरा पट्टा चमकत होता. पाच फेऱ्यांत तो माझ्या नजरेला आला नव्हता. त्या रात्री फीत पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि टाचेच्या वाक्यानंतर एक वाक्य वाढवले. “फळी ओली आहे.”